पोतं उतरल्यावर

चि. छोटीस,

धाराशिवकडच्या गावांत मदतकार्यावर रुजू झालीस, हे कळून फार बरं वाटलं. सुरुवातीला तुझा सगळा जीव याद्या, ट्रक आणि पावत्यांतच अडकेल. अडकू दे, भुकेल्या घरी आधी धान्यच पोचायला हवं. पण पोतं उतरलं की त्या घरात जरा टेक. काय पेरायचं, काय विकायचं, चुलीसाठी काय राखायचं हे तिथं कोण ठरवतं, ते विचार.

१९७२ च्या दुष्काळात सरकारी कामांवर खडी फोडायला बायका मोठ्या संख्येनं होत्या. मजुरी आणि तिथं वाटल्या जाणाऱ्या सुकडीच्या आहारावर माणसं जगली, पुढे रोजगार हमीचा कायदाही आला. तरी शिवारातला शब्द पुरुषाचाच राहिला.

३० सप्टेंबर १९९३ ला किल्लारीचा भूकंप झाला. पुनर्वसनात गावोगावच्या महिला मंडळांतल्या बायका ‘संवाद सहायक’ झाल्या. भूकंपात टिकेल असं घर कसं बांधायचं हे त्या घरोघर समजावत, अडलेलं काम अधिकाऱ्यांपुढे मांडत. प्रेमा गोपालन यांच्या ‘स्वयं शिक्षण प्रयोग’ संस्थेनं त्यांना उभं केलं, आणि त्याच संस्थेनं पुढे मराठवाड्यात एक एकराची शेती रुजवली. ती नीट बघून ये. बाई घरच्या रानातला अर्धा-एक एकर मागून घेते. सोयाबीन-उसाऐवजी त्यात तूर, मूग, उडीद, ज्वारी, भाजीपाला अशी मिसळ पिकं घेते. शेणखत घरचं, बी जमेल तितकं घरचं, पाणी बेताचं. पाऊस रुसला तरी सगळीच पिकं सहसा एकदम जात नाहीत. ताटात डाळ-भाजी येते, उरलेलं बाजारात जातं. पण मला सगळ्यांत मोलाचं वाटतं ते तिचं मागणं. ‘या तुकड्यात काय पेरायचं ते मी ठरवीन’ हे नवऱ्याला, सासऱ्याला सांगायला फार धीर लागतो. तो धीर एकटीला येत नाही, गटात येतो. म्हणून वाटपाच्या रांगेपेक्षा गटाच्या बैठकीला जास्त वेळ दे, आणि बैठकीची वेळ बायकांना विचारूनच ठरव.

शिधापत्रिका हातात घेऊन वाच. २०१३ च्या अन्न सुरक्षा कायद्यानुसार घरातली १८ वर्षांवरची सर्वांत मोठी बाई कुटुंबप्रमुख असते. कागदावर तसं आहे का, आणि धान्य तिला मापात मिळतं का, दोन्ही बघ.

नवरा गेलेल्या बाईकडे आधी जा. शेतकरी नेते शरद जोशींनी ‘लक्ष्मीमुक्ती’ मोहिमेत शेतकऱ्यांना बायकोच्या नावे जमीन करायला सांगितलं होतं, तरी आजही राबणाऱ्या कितीतरी जणींचं नाव सातबारावर नाही. मग पीककर्ज अडतं, नुकसानभरपाई अडते. वारसनोंदीसाठी तिच्याबरोबर तलाठ्याकडे स्वतः जा, फेरफार होईपर्यंत पाठ सोडू नकोस. आणि तोवर कागद अपुरे म्हणून कुणी तिचं नाव मदतीच्या यादीतून काढत असेल, तर तिथं भांड.

तुझी,
मावशी