पान्हा कोणाच्या इच्छेने?

ईश्वरकृष्णाने सांख्यकारिकेत एक दृष्टांत दिला आहे. दूध अचेतन, तरी वासराच्या पोषणासाठी वाहते; तशीच अचेतन प्रकृती पुरुषाच्या, म्हणजे चेतन आत्म्याच्या, मोक्षासाठी राबते. शंकराचार्यांना हे मान्य नाही. ब्रह्मसूत्रभाष्यात ते म्हणतात, गाय चेतन आहे, तिची वासरावर माया आहे, वासरू चोखते, म्हणून दूध उतरते. सांख्य पाण्याचाही दाखला देतात. तर पाण्यालाही उतार लागतो. आम्ही येलदरीकर. पूर्णेवरच्या धरणाचे दार कोणीतरी उघडल्याशिवाय पाणी खालच्या सिद्धेश्वर धरणाकडे जात नाही, हे इथल्या पोरालाही ठाऊक. त्यामुळे माझा कल आधीपासून आचार्यांकडे.

जीवशास्त्र शिकवायला लागल्यावर एका मिलिमीटरभर किड्याने तो डळमळीत केला. सी. एलेगन्स हा मातीतला सूत्रकृमी. प्रौढ उभयलिंगी कृमीत ९५९ कायिक पेशी. जॉन सल्स्टन आणि सहकाऱ्यांनी एकेकीची वंशावळ लावली. अंडी बाहेर ढकलणाऱ्या १६ स्नायुपेशी दोनच पूर्वज पेशींच्या लेकी, एक डावीकडची, एक उजवीकडची. या दोघी जन्मतात शरीराच्या मागच्या भागात आणि अळीच्या वयातच पुढे सरकत नेमक्या जननग्रंथीच्या मध्यापाशी थांबतात. त्यांना ओढते ईजीएल-१७ हे प्रथिन, आपल्या शरीरातल्या फायब्रोब्लास्ट ग्रोथ फॅक्टरच्या कुळातले. ते ओळखणारा ईजीएल-१५ हा ग्राही पेशीवर असतो.

ईजीएल-१७ चे जनुक बिघडले, तरी पेशी मरत नाहीत. विभागतात, स्नायूही होतात, पण भलत्या जागी. मग अंडी आतच अडकतात, तिथेच फुटतात आणि पिल्ले आईलाच आतून खातात. मायकेल स्टर्न आणि रॉबर्ट हॉर्विट्झ यांनी १९९१ मध्ये आणखी एक गोष्ट दाखवली: अशा कृमीत एरवी ओढणारी तीच जननग्रंथी या पेशींना दूर लोटते. पुढे १९९८ मध्ये स्टर्न यांच्या गटाने दाखवले की पेशींना दिशा देते ते हे प्रथिनच. ते जिथे, तिकडे त्या निघतात.

आमच्याकडे वासरू दगावले की त्याच्या कातड्यात भुसा भरून गाईपुढे ठेवत. गाय ते हुंगते, चाटते आणि पान्हा सोडते. आचार्यांचा पक्ष म्हणेल, फसायलाही चेतन लागतेच की! पण प्रथिन भलतीकडे असले तर पेशीही फसते, आणि तिला ना मन, ना माया.

मग हेतू कुठे आहे? पेशीत नाही, प्रथिनातही नाही. ज्यांच्या पेशी ठिकाणावर पोचल्या त्यांचा वंश वाढला, बाकीच्यांचा मागे पडला. ‘साठी’ म्हणतो ते एवढेच. म्हणजे अचेतनालाही दिशा असू शकते, इथवर सांख्य बरोबर. ‘पुरुषाच्या मोक्षासाठी’ हे मात्र त्यांच्या पदरचे. किड्याकडून त्याला साक्ष मिळत नाही.

शेजारचे कीर्तनकार बुवा विचारतात, “सर, मग पांडुरंगाला बसवायचा कुठं?” मी म्हणतो, बुवा, कुठंही बसवा, फक्त पेशी ढकलायला उभा करू नका. एकदा ती त्याने ढकलली म्हटलं, की पोटच्या पिल्लांनी आतून खाल्लेल्या त्या आईचा जाबही त्यालाच विचारावा लागेल.