ठेव सापडल्यावर

शास्त्रपाठ : मत्तय १३:४४; यहोशवा ७; लूक १५:८–१०



शेतात पुरलेल्या ठेवीचा दृष्टांत आपल्या खेड्यांतील मंडळ्यांना समजावून सांगण्यास फार श्रम पडत नाहीत. नांगराच्या फाळाला काही लागून खणकन आवाज होणे, पडक्या वाड्याचा पाया उकरताना हंडा निघणे, अमक्याच्या बांधाखाली धन आहे अशी कुजबुज चालणे, हे सर्व आपल्या लोकांच्या कानावरून लहानपणापासून गेलेले असते. म्हणून हा दृष्टांत वाचला जाताच श्रोत्यांचे मन ठेवीकडे धावते, आणि बहुधा तेथेच अडकून राहते. ठेव दृष्टीस पडल्यावर त्या मनुष्याने काय केले, याकडे थोड्यांचेच लक्ष जाते. आज आम्ही त्याविषयी लिहीत आहोत. त्याकरिता इंग्लंड देशातील एका छंदाची हकीकत प्रथम सांगतो, कारण मनुष्याची ती घटका त्या छंदात फार उघडी पडते.

तो छंद म्हणजे मेटल डिटेक्टर नावाचे यंत्र घेऊन जमिनीतील नाणी व जुन्या वस्तू शोधीत फिरणे. रेल्वे स्टेशनांवर पोलिसांच्या हाती धातू ओळखणारे यंत्र वाचकांनी पाहिले असेल. हे त्याच्याच जातीचे. लांब दांड्याच्या टोकास थाळीसारखे चक्र असते व त्यात तांब्याच्या तारेची वेटोळी असतात. तारेतून उलटसुलट वाहणारी वीज सोडली म्हणजे खालच्या मातीत चुंबकाचा प्रभाव उत्पन्न होतो. तेथे धातू असेल तर तिच्यातही क्षीण प्रवाह उठतो, त्याचे प्रत्युत्तर चक्रास पोहोचते, आणि शोधणाऱ्याच्या कानात सूर वाजतो. नाण्याएवढी वस्तू बहुधा वीतभर खोलीच्या आतच कळून येते. लोखंडाचा सूर निराळा, रुप्याचा निराळा; परंतु सोन्याची अंगठी व पेयाच्या डब्यावरील अॅल्युमिनियमची कडी यांचे सूर पुष्कळदा इतके सारखे असतात की खणल्यावाचून भेद कळत नाही. (उपदेशक बंधूंनी हे ध्यानात ठेवावे, मंडळीतही कित्येकांचा सूर असाच असतो.)

यंत्र बोलते, पण कोठे पाहावे हे ते सांगत नाही. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांस गोळी लागली, तेव्हा ती शरीरात कोठे रुतली आहे हे पाहण्यास टेलिफोनचा शोध लावणारे बेल यांनी असेच यंत्र आणिले. डॉक्टरांचा ग्रह असा की गोळी उजव्या बाजूस आहे. म्हणून बेल यांस त्याच बाजूस शोधू दिले. शिवाय बिछान्याखालील तारांच्या स्प्रिंगांमुळे सुरांचा गोंधळ झाला. गारफील्ड सप्टेंबरात वारले व शवपरीक्षेत गोळी डावीकडे निघाली.

इंग्लंडात नवशिका मनुष्य यंत्र विकत घेतो तेव्हा सामान्यतः घराजवळच्या बागेत प्रथम जातो. तेथे लोक बाकांवर बसतात, झाडांखाली फराळ करतात, मुले खेळतात, आणि खिशांतून पैसे गळतात. तेव्हा नाणी मिळण्याचा संभव असतो. परंतु बाग नगरपालिकेची असते, त्याची नव्हे. कित्येक नगरपालिका हे शोधकाम मुळीच करू देत नाहीत, कित्येक परवानगी देऊन करू देतात. आणि ज्याने विचारलेच नाही तो पहिल्याच पावलास दुसऱ्याच्या दारात चोरपावलांनी शिरला असे होते. परवानगी मिळाल्यावरही रीत आहे. हिरवळीचा तुकडा तीन बाजूंनी कापून चौथ्या बाजूवर दारासारखा उलटावा, माती फडक्यावर काढावी, वस्तू घेऊन माती परत भरावी, आणि हिरवळ दाबून बसवावी, जेणेकरून मागून येणाऱ्यास खड्डा दिसू नये व मुलाचा पाय मुरगळू नये. मिळते काय? खिळे, बाटल्यांची झाकणे, चांदीसारखा चकाकणारा कागद, क्वचित एखादे चलनी नाणे. जो भला असतो तो हा कचराही पिशवीत घालून नेतो. असे महिनोन्महिने चालते, आणि पुष्कळांचे यंत्र मग माळ्यावर पडून राहते.

परंतु कधी कधी खरोखरच ठेव लागते. १९९२ च्या नोव्हेंबरात सफक परगण्यातील हॉक्स्न गावी एका शेतकऱ्याचा हातोडा शेतात हरवला. त्याने आपला मित्र एरिक लॉज यास यंत्र घेऊन बोलाविले. हातोड्याच्या ठिकाणी लॉज यास रुप्याचे चमचे, सोन्याचे दागिने व नाण्यांची रास लागली. काही वस्तू वर काढल्यावर त्याने हात आवरला. उरलेली ठेव मातीत तशीच ठेवून त्याने व शेतकऱ्याने जमिनीची मालक जी परगण्याची कौन्सिल तिला व पोलिसांना वर्दी दिली. दुसऱ्या दिवशी पुराणवस्तूंचे जाणकार आले व त्यांनी जपून खोदले. त्या हात आवरण्यामुळेच कळून आले की रोमी अमलाच्या शेवटच्या काळात, पाचव्या शतकाच्या आरंभी, कोणी तरी हे सर्व लाकडी पेटीत नीट रचून पुरले होते. सुमारे १५ हजार नाणी निघाली. काही चमच्यांवर ख्रिस्ताच्या ग्रीक नावाची आद्याक्षरे कोरलेली होती. साडेसतरा लाख पौंडांचे बक्षीस लॉज यास मिळाले व त्याने ते त्या शेतकऱ्याबरोबर वाटून घेतले. हातोडाही सापडला, तोही ब्रिटिश म्युझियममध्ये आहे.

आता दुसरी हकीकत. २०१५ साली हेरफर्डशायर परगण्यात लेमिन्स्टर गावाजवळ दोघा शोधणाऱ्यांस नवव्या शतकातील ठेव मिळाली. सोन्याचे कडे, अंगठी, स्फटिकाचे पदक, रुप्याची कांब, आणि सुमारे ३०० नाणी असल्याचा अंदाज आहे. १९९६ च्या ठेवविषयक कायद्याप्रमाणे चौदा दिवसांत कॉरोनर या अधिकाऱ्यास कळवावयाचे असते, आणि बक्षीस रीतीप्रमाणे शोधणारा व जमीनमालक यांच्यात निम्मे निम्मे वाटले जाते. त्यांनी कळविले नाही. नाणी गुपचूप विकू लागले. २०१९ साली न्यायालयाने दोघांस कारावास दिला. नाण्यांपैकी पदरी आली ती थोडीच. बाकीची कोठे गेली कोण जाणे. त्यांतील काही नाण्यांवर वेसेक्स व मर्सिया या दोन राज्यांचे राजे एकत्र बसलेले दिसत होते, म्हणजे त्यांच्या सख्याची साक्ष त्यांत होती. ती साक्ष बहुतांशी नाहीशी झाली. त्यांनी खरे सांगितले असते तर धन त्यांचेही झाले असते. हेच आम्हांस अधिक दुःखद वाटते.

या दोन मनुष्यांच्या हातांतील यंत्र एकच होते. सूरही एकच. भेद पडला तो सूर वाजल्यानंतर.

आता दृष्टांताकडे वळू. कित्येक विचारतात, त्या मनुष्याने ठेव पुन्हा झाकून शेत विकत घेतले, हे मालकाला फसविणे नव्हे काय? प्रभूने त्यास सौदा करण्याचा कित्ता म्हणून पुढे मांडिले नाही, हे प्रथम सांगावे. राज्यासाठी जवळचे सर्व देऊन टाकणे व ते आनंदाने देणे, यावर प्रभूचे बोट आहे. तथापि एक गोष्ट उपदेशकांनी पाहावी. ठेव त्याच्या पायांखाली होती, शेत निर्जन होते, तरी रात्री येऊन ती उचलून नेण्याचा मार्ग त्याने धरिला नाही. शेत आपले झाल्यावाचून ठेव आपली नव्हे, एवढे तो मानीत होता. आखानाने हे मानिले नाही. यरीहोच्या लुटीतला बाबेलचा झगा, दोनशे शेकेल रुपे व सोन्याची वीट त्याने आपल्या डेऱ्यात जमिनीखाली पुरली. तिच्यावर तो झोपला, त्याची लेकरे झोपली, आणि सर्व इस्राएलाचे पाऊल युद्धात मागे पडले. लूकातील स्त्रीने मात्र दिवा लावून आपलेच घर झाडले, आणि नाणे मिळताच शेजारणींस हाका मारिल्या. जे सापडले ते शेजारणींस सांगता येते की नाही, हीच कसोटी आम्हांस पुरेशी वाटते.

हे सर्व परदेशातील म्हणून सोडून देऊ नये. २०२५ च्या फेब्रुवारीत छावा हा चित्रपट निघाल्यावर मार्चमध्ये बुऱ्हाणपुराजवळ असीरगडच्या परिसरात मोगलांच्या सोन्याची आवई उठली, आणि गावोगावचे लोक रात्री दिवे, चाळण्या व हीच यंत्रे घेऊन परक्यांची शेते खणू लागले. आपल्याकडे तर याहून काळा धंदा आहे. गुप्तधन दाखवितो म्हणून मांत्रिक येतो, पैसे उपटतो, आणि प्रसंगी निरपराध लेकराच्या जिवावर येतो. २०१३ च्या महाराष्ट्राच्या कायद्याने धनाच्या शोधासाठी असे अघोरी कृत्य करणे गुन्हा ठरविला आहे. ख्रिस्ती मनुष्याने अशा मांत्रिकाच्या दारी जावे तर नाहीच, पण शेजारी जात असेल तर गप्प राहू नये. पोलीस पाटलास सांगावे. ‘आमच्याने कसे सांगवेल, गावात राहावयाचे आहे’, असे बंधू म्हणतात. हे भय खरे आहे, आम्ही ते हसण्यावारी नेत नाही. परंतु त्या लेकरालाही गावातच राहावयाचे असते.

आपल्यातील पुष्कळ जण दुसऱ्याच्या शेतात मजुरी करतात, विहिरी व पाये खणतात. ठेव निघावयाची तर त्यांच्याच कुदळीखाली. त्यांनी हे जाणावे. १८७८ च्या ठेवविषयक कायद्यान्वये दहा रुपयांहून अधिक मोलाची पुरलेली वस्तू सापडली असता सापडणाऱ्याने कलेक्टरास लेखी वर्दी द्यावयाची असते. न दिल्यास त्याचा वाटा सरकारजमा होतो व एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते. वर्दी दिली, ठेवीचा धनी कोणी न निघाला, आणि जमीनमालकाशी निराळा करार नसला, तर तीन चतुर्थांश वाटा सापडणाऱ्याचा व एक चतुर्थांश मालकाचा. सरकारने ती ठेव स्वतः ठेवून घेतली तर धातूच्या किमतीवर एक पंचमांश अधिक देण्याची तरतूद आहे. म्हणजे हातातील कुदळीखेरीज ज्याचे काही नाही त्याचाही वाटा कायद्याने मान्य केला आहे. भिऊन हंडा फोडून रातोरात सोनाराकडे नेणारा आपला वाटा आपणच घालवितो.

तेव्हा असे काही निघाल्यास खणणे थांबवावे, वस्तू घासूपुसू नयेत, मालकास व तलाठ्यास दोन साक्षीदारांसमक्ष दाखवावे, आणि जागा व तारीख लिहून कलेक्टर कचेरीत अर्ज द्यावा. ज्यांस लिहिता येत नाही त्यांचा अर्ज उपदेशकाने लिहून द्यावा, एक प्रत आपल्याजवळ ठेवावी, व शक्य असेल तर कचेरीपर्यंत त्यांच्याबरोबर जावे.