मध्यस्थ आणि विक्रेत्याचे मौन

वडिलोपार्जित घर विकावयाची वेळ आली म्हणजे गृहस्थापुढे प्रथम असा प्रश्न उभा राहतो, की ग्राहक स्वतः शोधावा की ते काम मध्यस्थाच्या हाती सोपवावे? परभणीतील आमचे जुने घर विकावयास काढले तेव्हा हा प्रश्न निव्वळ व्यवहाराचा आहे, असेच आम्ही समजत होतो. तो नीतीचाही आहे, हे आम्हांस परसातील आडाने शिकविले.

मध्यस्थाची निंदा करणे सोपे आहे. परंतु त्याचे श्रम खरे असतात. ग्राहक मिळविणे, चालू भाव सांगणे, नोंदणी कचेरीत खेपा घालणे ही कामे तो करतो. मराठवाड्यात १९४८ पर्यंत निजामाचा अंमल होता. जुन्या मिळकतींचे कागद पुष्कळदा उर्दूत किंवा मोडीत सापडतात. तेथे जाणता माणूस लागतोच. उलटपक्षी, स्वतः विकणाऱ्याची दलाली वाचते खरी. पण आप्तेष्टांची भीड मोडवत नाही, आणि आपल्या आठवणींचीही किंमत तो भावात धरून बसतो.

आश्विनात एक तरुण दांपत्य घर पाहावयास आले. पावसाळा नुकताच सरला होता व आड भरलेला होता. चैत्रात त्याचा तळ दिसतो, हे आम्हांस ठाऊक होते. मध्यस्थ हलकेच म्हणाला, "सर, आडाचं आपण काही बोलू नका. ते मी बघतो." त्या अखेरच्या तीन शब्दांनी आम्हांस बरे वाटले, हे कबूल केले पाहिजे. जे मौन स्वतः पाळताना लाज वाटली असती, ते दलालीच्या रकमेत आयते मिळत होते.

कोणी म्हणेल, बाजारात सारेच काही ना काही झाकतात. आमच्याकडील गुरांच्या बाजारात रुमालाखाली बोटे धरून भाव ठरविण्याची रीत आहे. पण तेथे झाकलेला असतो तो भाव. जनावर उघड्यावर उभे असते, त्याचे दात कोणीही मोजावेत. आपण किती कमीत देऊ, हे मनात ठेवण्याचा विक्रेत्यास अधिकार आहे. वस्तूचा दोष मनात ठेवण्याचा मात्र नाही. २०१६ साली शेजारच्या लातुरास मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले; अशा प्रदेशात कोरडा आड हा किरकोळ दोष कसा म्हणावा?

कायदाही हेच सांगतो. ग्राहकास साधारण सावधगिरीने न कळणारा, परंतु विक्रेत्यास ठाऊक असलेला महत्त्वाचा दोष उघड करणे, हे १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या ५५ व्या कलमाने विक्रेत्याचे कर्तव्य ठरविले आहे. आणि प्रतिनिधीने धन्याच्या कामात केलेली खोटी मांडणी धन्यानेच केल्यासारखी होय, असे १८७२ च्या करार कायद्याचे म्हणणे आहे. श्रम दुसऱ्यावर सोपविता येतात. उत्तरदायित्व येत नाही.

म्हणून मध्यस्थ असावा की नसावा, हा प्रश्न आम्हांस आता दुय्यम वाटतो. स्वतः विकणाराही खोटे बोलू शकतो, आणि मध्यस्थाकडूनही सत्य वदविता येते. आडात नाही ते पोहऱ्यात कोठून येणार? विक्रेत्याच्या मनात नसलेला प्रामाणिकपणा मध्यस्थाच्या बोलण्यात उतरणार नाही.

आम्ही त्या दांपत्यास आडाच्या काठाशी नेऊन खरे ते सांगितले. त्यांनी आभार मानले व ती दोघे निघून गेली. पुन्हा आली नाहीत. घर अद्याप विकलेले नाही. मध्यस्थ तोच आहे. मात्र नवा ग्राहक आला की त्यास आधी परसात न्यावे, ओसरी मागाहून दाखवावी, असे आम्ही त्यास सांगून ठेविले आहे.