‘स्वाभाविक’ वागणे कोणाचे?

उच्च न्यायालयांतले बहुतेक न्यायमूर्ती एकाच सामाजिक थरातले असतील, तर न्यायात नेमके काय बिघडते? कायदा तर सर्वांना एकच. याचे उत्तर 1872च्या पुरावा कायद्यातल्या कलम 114 मध्ये सापडते. माणसे सहसा कशी वागतात हे ध्यानात घेऊन एखादी गोष्ट घडली असावी, असे न्यायालयाला त्याने गृहीत धरू दिले. ‘सहसा’ म्हणजे काय, हे मात्र कलम सांगत नव्हते. ते न्यायाधीशाने घरात, शेजारात, बाररूममध्ये जे पाहिले त्यावरून ठरते.

1972 साली देसाईगंजच्या पोलीस चौकीत एका आदिवासी मुलीवर बलात्कार झाल्याची तक्रार आली. तिच्या अंगावर जखमा नव्हत्या आणि तिने आरडाओरडा केल्याचेही दिसले नाही. सर्वोच्च न्यायालयाने 1978 मध्ये यावरून तिची संमती गृहीत धरली आणि दोन्ही आरोपी पोलिसांना सोडले. जबरदस्ती झाली तर बाई झटापट करणारच, ही ती समजूत. रात्रीच्या वेळी, चौकीच्या आत, खाकी वर्दीसमोर गरीब मुलीचे अंग गोठते, हा अनुभव त्या समजुतीत नव्हता. उपेंद्र बक्षी, वसुधा धागमवार, रघुनाथ केळकर आणि लतिका सरकार या कायद्याच्या चार अध्यापकांनी 1979 मध्ये सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. पुढे 1983 मध्ये 114-अ हे कलम आले: कोठडीतल्या बलात्कारासारख्या खटल्यांत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर ती नव्हती असेच धरायचे. ‘सहसा’चा अर्थ संसदेला लिहून द्यावा लागला.

मात्र याच खटल्यात आधी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने पोलिसांना दोषी ठरवले होते, तेही पुरुष न्यायमूर्तींनीच. उलट बाजूनेही दाखला आहे. 2018च्या शबरीमला निकालात स्त्रियांच्या प्रवेशाविरुद्ध एकमेव मत दिले ते पीठातल्या एकमेव स्त्री न्यायमूर्तींनी, इंदू मल्होत्रांनी. तेव्हा जात किंवा लिंग पाहून निकालाचे भाकीत करता येत नाही. वैविध्याने निकाल ठरत नाही. बाजूच्या खुर्चीतून न सुचलेला प्रश्न मात्र विचारला जातो.

ही जाण जुनीच आहे. अरण्यात राहणाऱ्यांचा न्याय अरण्यात, व्यापाऱ्यांचा तांड्यात, सैनिकांचा छावणीत व्हावा, असे बृहस्पतिस्मृती सांगते. मराठेशाहीतल्या गोतसभेत बलुतेदारही बसत. महजरावर, म्हणजे निवाड्याच्या कागदावर, पाटलाचा नांगर उमटे, तसा न्हाव्याचा आरसाही. ती सभा समतेची नव्हती, उतरंड तिथेही होतीच. पण गावातले नाते आणि शिवारातली हद्द ज्यांना ठाऊक, त्यांच्यावाचून निवाडा पुरा होत नाही, एवढे तिने मानले होते.

आजची चाळणी वेगळी आहे. जिल्हा न्यायालयांत परीक्षा देऊन येणाऱ्या स्त्रियांचे प्रमाण तिसऱ्या हिश्श्याहून अधिक आहे. उच्च न्यायालयांत ते जेमतेम सातवा हिस्सा. 2018 पासून नेमलेल्या 661 न्यायमूर्तींत अनुसूचित जातींचे 21 आणि जमातींचे 12, अशी माहिती 2024 मध्ये संसदेत देण्यात आली. उच्च न्यायालयासाठी मुख्य न्यायमूर्ती आणि दोन ज्येष्ठ न्यायमूर्तींचे कॉलेजियम नावे सुचवते आणि ती साहजिकच त्यांच्यासमोर रोज उभ्या राहणाऱ्या, वकिली जोरात चालणाऱ्या मंडळींची असतात. यात दुष्टावा असावाच लागत नाही, ओळखीचा परीघ पुरतो. 1862 साली सुरू झालेल्या मुंबई उच्च न्यायालयात पहिल्या स्त्री न्यायमूर्ती, सुजाता मनोहर, 1978 मध्ये आल्या.

वैविध्य वाढले तरी एक अडचण उरते. जामिनाचा अर्ज बहुधा एकाच न्यायमूर्तींपुढे चालतो. त्या दालनात बाजूची खुर्चीच नसते. तिथे दुसऱ्याचा अनुभव पोहोचतो तो आधीच्या निकालांतून किंवा दुपारच्या जेवणाच्या टेबलावरच्या बोलण्यातून.