आळस कोणाचा, दिरंगाई कोणाची?

माणसाच्या निष्क्रियतेसाठी मराठीत शब्दांची वाण नाही. आळशी, ऐदी, सुस्त, कामचुकार. या प्रत्येक शब्दामागे एक माणूस उभा असतो आणि त्याच्याकडे बोट दाखवता येते. राज्यकारभाराची परिभाषा मात्र निराळी. तेथे ‘दिरंगाई होते’, ‘विलंब लागतो’, ‘प्रकरण प्रलंबित राहते’. या वाक्यांत करणारा कोणीच नसतो. व्याकरणाने दिलेली ही सवलत आपण नीतिविचारातही मान्य करून टाकली आहे.

गोमंतकात ‘सुशेगाद’ या शब्दाची भर पडली. मूळ पोर्तुगीज शब्दाचा अर्थ शांत, निवांत एवढाच. पुढे परक्यांच्या तोंडी तो अवघ्या गोवेकरांच्या आळसाचे नाव झाला. पावसाळ्यात समुद्र खवळला की हरमलच्या किनाऱ्यावर होड्या वर ओढलेल्या असतात. तेथे जाळे सांधीत बसलेला रापणकार पाहुण्याला सुशेगाद वाटतो. वस्तुतः तो समुद्राचा काळवेळ पाळीत असतो. थांबणे हे त्याच्या उद्योगाचेच अंग आहे.

आता भाटकाराच्या माडांत घर असलेल्या मुंडकाराचा विचार करावा. मुंडकार संरक्षण कायदा १९७५ साली झाला. त्याने राहत्या घराची जमीन, खेड्यात ३०० चौरस मीटरपर्यंत, विकत घेण्याचा हक्क मुंडकाराला दिला. अर्धशतक लोटले, तरी गोव्यात अशी अनेक प्रकरणे निर्णयाविना आहेत. ज्या कचेरीत ती पडून असतात तेथे कोणी झोपलेले नसते. नोटिसा निघतात, तारखा पडतात, अर्जदार वारल्यास वारसांची नावे लागतात. श्रम पुष्कळ होतात; निकाल तेवढा लागत नाही.

गीतेच्या अठराव्या अध्यायात तामस कर्त्याला ‘अलस’ आणि ‘दीर्घसूत्री’ अशी दोन वेगळी विशेषणे लावली आहेत. हा भेद येथे उपयोगी पडतो. आळशी काम करीत नाही. दीर्घसूत्री ते लांबवीत राहतो. आळसाची झळ बहुधा आळशालाच आधी लागते. दीर्घसूत्रीपणाची झळ वाट पाहणाऱ्याला लागते आणि लाभ ज्याच्याकडे ताबा आहे त्याला होतो.

जमिनीचा निवाडा घाईने होऊ नये, दोन्ही बाजू ऐकाव्यात, हे रास्तच आहे. परंतु सावधपणाला कोठेतरी शेवट असतो. ज्या विलंबात अर्जदाराची पिढी सरते, त्याला सावधपणा म्हणवत नाही.

हा प्रश्न आपल्यासारख्या जुन्या मराठी घराण्यांच्या ओसरीपर्यंत येतो. भाटे बाळगणाऱ्या घरांतून ‘मुंडकार आळशी झाले’ ही तक्रार सहज होते. ज्या विलंबामुळे जमीन आपल्या नावावर राहिली, त्याला मात्र कोणी नाव ठेवीत नाही. ‘निर्णय रखडला’ असे म्हणण्याऐवजी निर्णय कोणी दिला नाही आणि त्यामुळे कोणाचे साधले, हे सांगण्याची सवय आपण लावून घ्यावी. साधले ते आपले असेल, तर तेही सांगावे.