दिलं आणि गिळलं

पन्हाळा-जोतिबाच्या रस्त्यावर गाडीखाली आलेली, कुणी दोरीला बांधून नाचवलेली, अशी आठ माकडं कोल्हापुरातल्या एका मोठ्या पिंजऱ्यात राहत होती. त्यांना सांभाळणाऱ्या मामांनीच त्यांची नावं ठेवली होती. सगळ्यांत थोराड नर तो पैलवान, आणि कोपऱ्यात अंग चोरून बसणारी बारकी मादी ती चिमी.

पावसाळ्यात चिमीला जुलाब लागले. विष्ठेत शेम आणि रक्ताचा अंश. नव्या डॉक्टरताईंनी सकाळची ताजी विष्ठा मिठाच्या दाट पाण्यात कालवली, गाळून नळीत काठोकाठ भरली आणि वर काच ठेवून वीस मिनिटं थांबल्या. जंतांची अंडी या पाण्यापेक्षा हलकी, ती तरंगून काचेला चिकटतात. सूक्ष्मदर्शकाखाली दिसलं ते दोन्ही टोकांना बूच लावलेल्या इवल्याशा लिंबासारखं. चाबकाच्या आकाराच्या कृमीचं अंडं. हा कृमी आपलं बारीक टोक मोठ्या आतड्याच्या अस्तरात रुतवून बसतो, एका डोसाला सहसा दाद देत नाही. म्हणून आठही जणांना अल्बेंडाझोल, सलग तीन दिवस.

मामांनी औषध गुळाच्या गोळ्यांत भरलं. नोंदवहीत लिहिलं : आठ माकडं, औषध दिलं.

दोन आठवड्यांनी पुन्हा तपासलं, तर चिमीच्या विष्ठेत अंडी तेवढीच. कुणी म्हणालं औषध बोगस, कुणी म्हणालं याहून जालीम द्या. डॉक्टरताईंनी विचारल्यावर मामांचा चेहरा उतरला.

"ताई, म्या सोताच्या हातानं दिलंय ओ. खोटं कशाला लिहीन?"

"खोटं नाही मामा. ती खातात कशी, एवढंच मला बघायचंय."

दुसऱ्या दिवशी दोघं पिंजऱ्याबाहेर बसली. औषध न घातलेल्या गुळाच्या गोळ्या आत पडल्या. पैलवान उतरला, दोन्ही गालांच्या पिशव्या फुगेपर्यंत गोळ्या कोंबल्या आणि वर जाऊन बसला. उरलेल्या चार-पाच दांडग्यांनी उचलल्या. चिमी भिंतीकडे तोंड करून बसली होती. तिनं मान वळवूनही पाहिलं नाही. पैलवानापुढून काही उचलायचं नसतं, हे ती कधीच शिकली होती.

मामा बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "नातवाला शाळंत १० फेब्रुवारीला जंताची गोळी देत्यात. बाई म्होरं हुबं राहून चावायला लावत्यात, मगच वहीत खूण करत्यात. आनि मी हितं गूळ टाकून सही करतोय."

माझ्या मते चिमीच्या आजाराचं खरं निदान त्या सकाळी झालं, आणि ते मामांनी केलं.

पुढचं काम कष्टाचं होतं. एकेकाला आतल्या खोलीत घेऊन मामांनी चमच्यानं काकवीतून औषध पाजलं. चिमीला तीन दिवस पहिला नंबर. तिची विष्ठा ओळखू यावी म्हणून तिच्या केळ्यात खायचा हिरवा रंग घातला. औषधानं पोटातला कृमी मरतो, मातीत पडलेली अंडी मरत नाहीत. ओलसर उबेत ती दोन-चार आठवड्यांत लागण करण्याजोगी होतात आणि महिनोन्‌महिने टिकतात. म्हणून वरची माती खरवडून काढली, खाणं जमिनीवर टाकायचं बंद करून उंच ट्रेमध्ये ठेवलं, विष्ठा रोज उचलली. हा कृमी माणसालाही होतो, तेव्हा मामांच्या हातांसाठी साबण आणि पायांसाठी वेगळे गमबूटही आले.

नोंदवहीत मामांनी पट्टीनं आखून एक नवा रकाना पाडला : 'गिळलं'. प्रत्येक माकडाच्या नावापुढे वेगळी खूण.

अंडी रोज पडतातच असं नाही, म्हणून तीन महिन्यांनी चिमीची विष्ठा लागोपाठ तीन दिवस तपासली. तिन्ही काचांवर एकही अंडं नव्हतं.