शेवटची लोकल गेल्यावर

मुंबईत नाटक किती वेळ चालावं हे नाटककार नाही, रेल्वेचं वेळापत्रक ठरवतं. मुलुंडच्या कालिदास नाट्यगृहात रात्रीच्या प्रयोगाला कधी मागच्या रांगेत बसून पाहा. दुसरा अंक उताराला लागला की अंधारात मोबाईल उजळू लागतात. एम-इंडिकेटर ॲपवर कल्याण स्लो लोकल बघितली जाते आणि पडदा पडायच्या आत कडेची मंडळी वाकून वाकून बाहेर सटकतात. नटालाही हे ठाऊक असतं. हशा मिळाला तरी तो जागा फार ताणत नाही.

म्हणून जून 2018 मध्ये याच मुलुंडात भरलेलं 98वं अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन मला वेगळं वाटतं. 13 ते 15 जून, सलग 60 तास कार्यक्रम, अशी त्याची आखणी. भाषणं नेहमीचीच, ती सोडून देऊ. नवल होतं ते मधल्या रात्रींचं, कारण त्याही कार्यक्रमांनी भरलेल्या होत्या.

रात्रभर जागणाऱ्या प्रेक्षकाला आपण दर्दी म्हणून मोकळे होतो. पण जिथे जिथे रात्रभराची कला रुजली, तिथला प्रेक्षक दर्दी होता तितकाच अडकलेलाही होता. गडचिरोली-चंद्रपूरकडच्या झाडीपट्टीत धान निघालं की दिवसा मंडईची जत्रा किंवा शंकरपट, म्हणजे बैलांच्या शर्यती, आणि रात्री नाटक. गावोगावचे पाहुणे जमलेले. अपरात्री बैलगाडी जुंपून कोण परत निघणार? उजाडेपर्यंत त्यांना बसवायचं म्हणजे गाणी हवीत, विनोद हवा, मध्ये लावणीही हवी. सिंधुदुर्गातल्या जत्रेतला दशावतार तर बहुतेक लिहिलेलाच नसतो. कथानक ठरलेलं, संवाद नटाने जागच्या जागी रचायचे. राजा आणि राक्षस एकमेकांना अर्धा तास शब्दांत खेळवू शकतात, कारण शेवटच्या दहीकाल्याला अजून अवकाश असतो. रात्र भरून काढायची म्हणून तर नटाची जीभ अशी तयार झाली.

शहरात हे अडकणंच संपलं. त्यात 2000 साली ध्वनिप्रदूषणाचे नियम आले, रात्री दहानंतर उघड्यावरचा ध्वनिक्षेपक बंद झाला. पुण्याच्या सवाई गंधर्व महोत्सवातल्या रात्रभराच्या मैफली त्यातच गेल्या. (झोपमोड होणाऱ्यांची बाजूही खरी आहे, हे दर्दींनी मान्य करावं.) बंद सभागृहाला त्या नियमांत मोकळीक आहे. पण सभागृह उघडं ठेवलं तरी लोक थांबतीलच असं नाही. एकदा शेवटची लोकल चुकली की मात्र गोष्ट वेगळी, प्रेक्षक पुन्हा अडकतो. पहिली गाडी पहाटे. तोवर घड्याळ बघण्यात अर्थ नाही आणि समोरच्या नटालाही घाई नाही.

मुलुंडच्या संमेलनाच्या अध्यक्ष होत्या कीर्ती शिलेदार, संगीत नाटकातच वाढलेल्या. एकेकाळी वन्समोअर घेत घेत पहाटेपर्यंत रंगणारं ते नाटक आज तीन तासांत बसवायला पदांवर कात्री चालवावी लागते. दिग्दर्शकाला त्याबद्दल बोल लावला जातो. त्याने तरी काय करावं? समोरच्या अर्ध्या लोकांना बदलापूर गाठायचं असतं.